कोश किती जाड आणि किती खोल

वाचकाचे पत्र: मी साताऱ्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि सवडीने एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पत्रे व सरकारी अहवाल यांचे मराठी भाषांतर करते. घरात सासऱ्यांच्या काळातला एक जीर्ण ‘कन्साइज ऑक्सफर्ड’ आहे. मुलगी पुढच्या वर्षी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला बसणार आहे. अमेरिकेत असलेले माझे दीर ‘वेब्स्टर्स थर्ड’ हा अडीच हजारांहून अधिक पानांचा कोश आणून देतो म्हणतात. त्यात साडेचार लाख शब्द आहेत, तेव्हा दुसरा कोश घ्यायची गरजच उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. महाविद्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी मात्र ऑक्सफर्डपुढे वेब्स्टर उथळ आहे असे ठासून सांगतात. इंग्रजी कोशांची खोली नेमकी मोजायची कशी आणि आम्ही घ्यावा तरी कोणता? — एक वाचक, सातारा

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दिरांनी देऊ केलेला कोश मोठ्या योग्यतेचा आहे, यात वाद नाही; परंतु तुमचे भाषांतराचे काम आणि मुलीची परीक्षा या दोन गरजांपैकी एकही तो पुरती भागवणार नाही, म्हणून तो आणवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणेही मला तितकेच अपुरे वाटते, कारण ‘ऑक्सफर्ड’ हे एका कोशाचे नाव नसून एका मोठ्या गोतावळ्याचे नाव आहे, आणि त्यातील दोन भावंडांमध्ये जेवढे अंतर आहे तेवढे कित्येकदा ऑक्सफर्ड आणि वेब्स्टर यांच्यातही नसते.

आधी शब्दसंख्येचा मुद्दा निकालात काढू. कोशाच्या वेष्टनावर छापलेला आकडा हा मुख्य नोंदींचा आहे, की त्यांत सामावलेल्या वाक्प्रचारांचा आणि साधित शब्दांचाही आहे, की अर्थांची बेरीज करून काढलेला आहे, हे प्रत्येक प्रकाशक आपल्या सोयीने ठरवतो, त्यामुळे दोन प्रकाशकांचे आकडे शेजारी शेजारी मांडून काही सिद्ध होत नाही. एकाच प्रकाशकाच्या दोन आवृत्त्या मात्र ताडून पाहता येतात, आणि त्यासाठी दिरांनी सुचवलेल्या कोशाहून चांगले उदाहरण सापडणार नाही. मेरियम (आजची मेरियम-वेब्स्टर) कंपनीने १९३४ मध्ये काढलेल्या ‘वेब्स्टर्स सेकंड’मध्ये सुमारे ६,००,००० नोंदी होत्या; १९६१ मध्ये फिलिप गोव्ह यांच्या संपादनाखाली निघालेल्या ‘थर्ड’मध्ये त्या ४,५०,००० वर आल्या. म्हणजे नवी आवृत्ती उथळ झाली का? गोव्ह यांनी व्यक्तिनामे, स्थलनामे आणि ज्ञानकोशात शोभावा असा मजकूर काढून टाकला, १७५५ पूर्वीच वापरातून गेलेले शब्द गाळले, आणि त्या जागेत नवे शब्द, नवे अर्थ आणि समकालीन लेखनातील अवतरणे भरली. दीड लाख नोंदी कमी झाल्या, पण विसाव्या शतकातील चालू इंग्रजीची नोंद कितीतरी दाट झाली. त्याच वेळी जुन्या इंग्रजीचा शोध घेणाऱ्याचे नुकसान झाले, आणि हा शेवटचा भाग तुमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

कोशाची खोली एका दिशेने मोजता येत नाही, असे मला म्हणायचे आहे. एखादा शब्द कधी आला, कसा बदलला आणि कोणत्या अर्थाने कधी मावळला, हे सांगणे ही एक दिशा झाली. आजच्या सुशिक्षित माणसाला तो शब्द कोणत्या अर्थाने ठाऊक आहे, हे काटेकोरपणे सांगणे ही दुसरी. आणि परक्या माणसाला तो शब्द वाक्यात न चुकता वापरता यावा म्हणून त्याचे व्याकरण आणि सोबती उलगडून दाखवणे ही तिसरी. या तिन्ही दिशांना सारखाच खोल गेलेला कोश मला आजवर दिसलेला नाही.

अगदी साधा शब्द घेऊन पाहू: ‘डोअर’. ‘वेब्स्टर्स थर्ड’मधील त्याची व्याख्या प्रसिद्धीपेक्षा कुप्रसिद्धीच अधिक पावली. घट्ट पदार्थाचा हलवता येणारा तुकडा, बहुधा एका कडेने आधार दिलेला, बिजागरीवर फिरणारा, किंवा खाचेतून सरकणारा, किंवा वरखाली गुंडाळला जाणारा, किंवा चार पाकळ्यांपैकी एक पाकळी होऊन गरगर फिरणारा, किंवा घडी पडणारा, ज्यायोगे एखादी मोकळी जागा बंद करता येते अथवा उघडी ठेवता येते, असे ते वाक्य लांबत जाते. संपूर्ण व्याख्या एकाच सलग पदबंधात बसवण्याचा गोव्ह यांचा दंडक होता, त्याचे हे फळ. टीकाकारांनी तिची यथेच्छ टर उडवली, तरी न्याय करायचा तर दुकानाचे शटर, हॉटेलचे फिरते दार आणि घडीचे दार या सर्वांना सामावून घेणारी व्याख्या करून बघावी म्हणजे काम किती अवघड आहे ते कळते. याउलट ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ हा इंग्रजी शिकणाऱ्या परभाषकांसाठीचा, म्हणजे ‘लर्नर्स’ जातीचा, कोश लाकडाचा, काचेचा वगैरे तुकडा, जो उघडून किंवा बंद करून खोलीत, इमारतीत, मोटारीत जाता-येता येते, एवढेच सांगून थांबतो, आणि मग ते ठोठावतात कसे, कुलूप कसे लावतात, दाराला कोण जाते, शेजारचा या अर्थी तो शब्द कसा वापरतात, हे ओळीने दाखवतो. व्याख्येपुरते पाहिले तर पहिला कोश खोल आहे. पण ज्याला दार म्हणजे काय हे ठाऊक असून इंग्रजीत दाराविषयी बोलता येत नाही, त्याला दुसऱ्याचाच उपयोग आहे.

तुमच्या मुलीची गरज ही अशी आहे. आपल्याकडे वर्गात, कचेरीत आणि बातम्यांतसुद्धा ‘डिस्कस अबाउट’ सर्रास ऐकू येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मोठ्या कोशात ‘डिस्कस’ हे सकर्मक क्रियापद असल्याची एक संक्षिप्त खूण असते आणि त्या खुणेतून ‘अबाउट’ लावू नये हे वाचकाने आपले आपण ओळखायचे असते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ मात्र ‘अबाउट’ जोडता येत नाही असे शब्दांत लिहून ठेवतो आणि लगेच बरोबर वाक्य देतो. ‘सजेस्ट’नंतर काय येते, ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘फर्निचर’ यांचे अनेकवचन का होत नाही, हेही तिथे पहिल्याच नजरेत सापडते. ही काळजी कोशकारांच्या मनात आपोआप आलेली नव्हती. या कोशाचे आद्य संपादक ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना नेमके कुठे अडते हे वर्षानुवर्षे पाहून त्यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश प्रथम १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये आपल्या नावाने काढला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांच्या चुकांतून घडलेला कोश म्हणून तो आपल्या विद्यार्थ्यांना आजही इतका लागू पडतो. २०२० च्या दहाव्या आवृत्तीत त्याने ‘आधार’, ‘डब्बा’ आणि आपली ‘चाळ’ हेही शब्द घेतले, ही गमतीची भर.

याच जातीचा ‘लाँगमन’ कोश १९७८ मध्ये निघाला, आणि सर्व व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांतच करायच्या हे बंधन त्याने स्वतःवर घालून घेतले. एक शब्द पाहायला जावे आणि व्याख्येतील आणखी तीन शब्द पाहावे लागावेत, हा जुन्या कोशांचा छळ त्यामुळे पुष्कळ कमी झाला. कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द बसतो हे दाखवण्यात लाँगमन मला ऑक्सफर्डहून किंचित सरस वाटतो, आणि आयईएलटीएसच्या लेखनात गुण जातात ते बहुतेक याच ठिकाणी. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला १९८७ चा ‘कोबिल्ड’ आणखी पुढे गेला आणि त्याने व्याख्याच पूर्ण वाक्यात दिल्या, म्हणजे व्याख्या वाचतानाच शब्दाचा प्रयोग कळावा. तो वाचायला सुखद आहे, पण घाईत असलेल्या परीक्षार्थीला जरा पसरट वाटतो. मुलीसाठी लाँगमन किंवा ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ यांपैकी जो हाताला बरा वाटेल तो घ्यावा; दोन्ही घेण्याची गरज नाही.

आता तुमच्या भाषांतराकडे वळू, कारण खोलीचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथे उभा राहतो. समजा, १८३० च्या सुमाराच्या एखाद्या पत्रात कनिष्ठ अधिकाऱ्याने गव्हर्नरसाहेबांच्या ‘कंडिसेन्शन’बद्दल कृतज्ञता व्यक्त केली आहे. लर्नर्स कोश उघडला तर दुसऱ्याला तुच्छ लेखून वागणे एवढाच अर्थ हाती येईल, आणि तो बिचारा कारकून आपल्या वरिष्ठाला टोमणा मारतो आहे असे भाषांतर होऊन बसेल. वेब्स्टरमध्ये जुना अर्थ आहे: आपल्या पदाची प्रतिष्ठा आपणहून बाजूला ठेवून कनिष्ठांशी सौजन्याने वागणे. परंतु तो अर्थ कोणत्या काळापर्यंत सरळ मनाने वापरत आणि केव्हापासून त्याला वाईट वास येऊ लागला, हे त्यावरून ठरवता येत नाही, कारण ‘वेब्स्टर्स थर्ड’मध्ये अर्थांना तारखा नाहीत. त्याच घराण्यातील एकखंडी ‘कॉलेजिएट’मध्ये तारीख असते, पण ती सर्वांत जुन्या अर्थाच्या पहिल्या आढळाची असते, पुढील सर्व अर्थ त्याच वर्षापासून चालत आले असा समज करून घेणारे पुष्कळ भेटतात.

इथे ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ला, म्हणजे ज्याला ओईडी म्हणतात त्या महाकोशाला, खरोखर तोड नाही. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये संपादकपद स्वीकारले, १८८४ मध्ये पहिला भाग निघाला, मरे १९१५ मध्ये वारले आणि काम १९२८ मध्ये पुरे झाले. १९८९ ची दुसरी आवृत्ती २० खंडांची असून तिच्यात सुमारे २४ लाख अवतरणे आहेत. ती अवतरणे सजावटीसाठी नाहीत. प्रत्येक अर्थाखाली सनावळीने लावलेली वाक्ये असतात, पहिले वाक्य सापडलेल्या सर्वांत जुन्या वापराचे असते, आणि वाक्ये एखाद्या शतकापाशी थांबली तर अर्थही बहुधा तिथेच थांबलेला असतो. त्यामुळे १८३० च्या पत्रातील शब्द त्याच काळातील इतर लेखकांच्या वाक्यांशेजारी ठेवून पाहता येतो. संपादकाने काढलेला निष्कर्ष पटला नाही, तर ज्या पुराव्यावरून तो काढला तो पुरावाही समोर असतो.

मात्र या महाकोशाविषयी आदर बाळगताना एक भान ठेवावे लागते. २००० पासून तो संकेतस्थळावर नव्याने सुधारला जात आहे आणि ते काम अजून संपलेले नाही, त्यामुळे काही नोंदी अगदी ताज्या आहेत, तर काहींच्या व्याख्या अजून व्हिक्टोरिया राणीच्या काळातील संपादकांच्या हातच्याच आहेत. कोणती नोंद केव्हा सुधारली हे तिथे नमूद असते. ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. शिवाय रोजच्या कामाला तो सोयीचा नाही. ‘सेट’ या क्रियापदाचे दुसऱ्या आवृत्तीत ४३० अर्थ दिले आहेत, आणि भाषांतराच्या मध्यावर माणसाला ४३० अर्थ नको असतात.

म्हणून तुमच्या टेबलावर मी ‘शॉर्टर ऑक्सफर्ड’चे दोन खंड सुचवतो, २००७ ची सहावी आवृत्ती मिळाली तर उत्तम, पाचवी मिळाली तरी चालेल. हा मूळ महाकोशाचाच संक्षेप आहे. १७०० नंतर वापरात असलेले शब्द आणि त्याआधीच्या काही थोर ग्रंथांतील शब्द तो घेतो, अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावतो, लुप्त अर्थांपुढे कट्यारीची खूण करतो, आणि प्रत्येक अर्थ शतकाच्या आरंभी, मध्यावर की अखेरीस आला हे एका अक्षराने आणि शतकाच्या आकड्याने दाखवतो. अवतरणे मोजकीच असली तरी असतात. ‘नाइस डिस्टिंक्शन’ असे शब्द अहवालात आले, तर तिथे ‘नाइस’चा प्रवास अडाण्यापासून चोखंदळापर्यंत, तिथून सूक्ष्मापर्यंत आणि अखेर छानपर्यंत पाहून ‘सूक्ष्म भेद’ असे निर्धास्त लिहिता येते. लर्नर्स कोशात आधी ‘छान’च येते, आणि त्यांनी तसेच करायला हवे.

अर्थांच्या क्रमाविषयी एक इशारा, कारण शिकवतानाही तो उपयोगी पडेल. ओईडी, शॉर्टर आणि मेरियम-वेब्स्टरचा कॉलेजिएट हे जुना अर्थ आधी देतात. ‘ऑक्सफर्ड डिक्शनरी ऑफ इंग्लिश’ हा १९९८ पासूनचा एकखंडी कोश, अमेरिकन हेरिटेज आणि सगळे लर्नर्स कोश आजचा मुख्य अर्थ आधी देतात. पहिला अर्थ तोच प्रमुख, या समजुतीने कॉलेजिएट वाचणारा विद्यार्थी वारंवार फसतो आणि कोशाला दोष देतो.

तुमच्या कागदपत्रांत आणखी एक अडचण येत असणार, ती म्हणजे साहेबांनी इंग्रजीत घुसवलेले आपलेच शब्द. ‘काउल’ असे लिहिलेले पाहून गोंधळ होतो, पण तो आपला ‘कौल’, म्हणजे सरकारने दिलेला लेखी करार किंवा अभयपत्र, असतो. अशा वेळी ऑक्सफर्ड-वेब्स्टरचा वाद बाजूला ठेवून यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ आणि महसुली व न्यायालयीन शब्दांसाठी एच. एच. विल्सन यांचा १८५५ चा कोश उघडावा. दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य आहेत. हॉब्सन-जॉब्सनची रीत महाकोशासारखीच, जुनी वाक्ये सनावळीने देण्याची आहे, आणि मरे यांनीही त्याचा आधार घेतला होता. सोबत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती ठेवली, म्हणजे त्या काळच्या साहेबाला तो मराठी शब्द कसा समजला होता हेही कळते. साताऱ्यातील अहवालांसाठी ही त्रयी कोणत्याही महागड्या कोशापेक्षा अधिक खोल ठरेल.

खर्चाविषयी थोडे. लाँगमन, केंब्रिज आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ संकेतस्थळांवर फुकट पाहता येतात, उच्चारही ऐकता येतात. तरी छापील प्रत घ्यावी असे मी म्हणतो, कारण फुकट संकेतस्थळांचा भरवसा नसतो: ऑक्सफर्डचा मजकूर देणारे ‘लेक्सिको’ २०२२ मध्ये बंद झाले आणि ‘मॅकमिलन’चा उत्तम लर्नर्स कोश, ज्याने कागदी आवृत्ती आधीच सोडली होती, २०२३ मध्ये संकेतस्थळासह नाहीसा झाला. ओईडी ऑनलाइनला वर्गणी लागते, पण मोठी विद्यापीठ ग्रंथालये ती भरतात. तुमच्या महाविद्यालयामार्फत विद्यापीठात चौकशी करावी. ब्रिटनमध्ये कोणी नातलग असेल, तर तिथल्या बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या साध्या सभासदत्वावर ओईडी घरबसल्या उघडतो. यांपैकी काहीच जमले नाही, तर १९२८ पर्यंतचे मूळ खंड इंटरनेटवर स्कॅन करून ठेवलेले आहेत, आणि एकोणिसाव्या शतकातील शब्दांसाठी ते बव्हंशी पुरतात. तिथेच अमेरिकेचा ‘सेंच्युरी डिक्शनरी’ही पाहावा. १८८९ ते १८९१ या काळात निघालेल्या या कोशाचे प्रमुख संपादक विल्यम ड्वाइट व्हिटनी हे संस्कृतचे पंडित. त्यांचे संस्कृत व्याकरण आपल्याकडील अभ्यासकांना परिचयाचे आहे. यंत्रे, शेती, जहाजे, कापड यांतील जुने शब्द त्यात चित्रांसह इतके तपशीलवार आहेत, की पाटबंधाऱ्यांच्या किंवा रस्त्यांच्या अहवालात अडल्यास मी आधी तिकडे वळतो.

सासऱ्यांचा जुना कन्साइज टाकू नये. फाउलर बंधूंनी १९११ मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली, आणि पुढील अनेक आवृत्त्यांत त्यांची तारेच्या मजकुरासारखी आखूड शैली टिकून राहिली. आज ती दुर्बोध वाटते. पण शतकापूर्वीच्या सुशिक्षित इंग्रजाला एखादा शब्द किती ओळींत पुरत होता, हे तिच्यातून दिसते.

राहता राहिला दिरांचा प्रश्न. त्यांना नाही म्हणणे जड जात असेल, तर ‘वेब्स्टर्स थर्ड’ऐवजी ‘अमेरिकन हेरिटेज’ची २०११ ची पाचवी आवृत्ती मागवावी. अमेरिकन वापर त्यात नीट कळतो, वादग्रस्त प्रयोगांवर लेखक-संपादकांच्या मंडळाची मते नोंदवलेली आहेत, आणि शेवटी जोडलेल्या इंडो-युरोपीय धातूंच्या परिशिष्टात इंग्रजी शब्दांचे संस्कृतशी नाते पाहायला मिळते. तुम्हाला ते आवडेल असा माझा कयास आहे. ‘वेब्स्टर’ हे नाव कोणाच्या एकाच्या मालकीचे राहिलेले नाही आणि अमेरिकेत कोणताही प्रकाशक ते आपल्या कोशाला लावू शकतो, हेही त्यांच्या कानावर घालावे. विमानाच्या सामानात वजनाचा हिशेब असतोच, तेव्हा हा बदल त्यांनाही रुचेल.